मुखपृष्ठामागचे निर्णय

जनसंवाद किंवा पत्रकारिता शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एखाद्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठाचे विश्लेषण करण्याचा प्रकल्प दिला जातो, तेव्हा त्याचा अहवाल बहुधा एका ठरलेल्या साच्यात उतरतो. लाल रंग उत्कटता किंवा धोका सुचवतो, थेट पाहणारे डोळे वाचकाला बोलावतात, ठळक अक्षरे आत्मविश्वास दाखवतात, मध्यभागी ठेवलेली व्यक्ती महत्त्वाची असते आणि हे सर्व मिळून वाचकाचे लक्ष वेधून घेते, अशी विधाने क्रमाने येतात व प्रकल्प पूर्ण होतो. या विधानांत चुकीचे फारसे काही नसते आणि खरी अडचण तीच आहे; कारण ती लंडनच्या संगीत-मासिकाला, मुंबईच्या दिवाळी अंकाला आणि वाशिमच्या एखाद्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाला सारख्याच सहजतेने लागू पडतात. जे विधान प्रत्येक मुखपृष्ठाविषयी खरे ठरते, ते समोर असलेल्या मुखपृष्ठाविषयी काहीच सांगत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मुखपृष्ठ हा पैसा, छपाईचे तंत्र, वितरणाची वाट, अंकाच्या नावाची पत आणि वाचकाविषयीची संपादकाची समजूत या बंधनांच्या आत घेतलेल्या निर्णयांचा परिणाम असतो. म्हणून त्याच्या विश्लेषणाचा मूळ प्रश्न ‘या चित्राचा अर्थ काय’ असा न ठेवता, ‘या जागी दुसरे काय येऊ शकत होते आणि ते का आले नाही’ असा ठेवला पाहिजे. वाशिमसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या जागेवरून पाहिले की या प्रतिपादनाची गरज अधिक स्पष्ट होते, कारण प्रचलित पद्धतीने गृहीत धरलेली बाजारपेठ तेथे जवळजवळ अस्तित्वातच नाही.

१. कोशपद्धती कोठून आली

रंग, नजर, अक्षर आणि मांडणी यांचे अर्थ जणू शब्दकोशातून काढून देणाऱ्या या पद्धतीला येथे सोयीसाठी ‘कोशपद्धती’ म्हणता येईल. तिचे दोन उगम आहेत. पहिला उगम ब्रिटनसारख्या देशांतील शालेय माध्यम-अभ्यासक्रमांचा, ज्यांत दुकानाच्या मांडणीवर वीस-पंचवीस मासिकांशी स्पर्धा करणारे व्यापारी मासिक हाच नमुना मानलेला असतो. दुसरा उगम चिन्हमीमांसेचा, म्हणजे चिन्हे अर्थ कसा निर्माण करतात याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा. आणि या दुसऱ्या उगमाचे जे झाले ते अधिक खेदकारक आहे.

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात ‘पारी-मॅच’ या साप्ताहिकाच्या एका मुखपृष्ठाचे विवेचन केले आहे. फ्रेंच गणवेशातील एक कृष्णवर्णीय मुलगा सलामी देत आहे, हा त्या चित्राचा वाच्यार्थ. फ्रान्स हे वर्णभेद न मानणारे महान साम्राज्य असून त्याची सर्व लेकरे त्याची निष्ठेने सेवा करतात, हा त्यावर चढवलेला सूचितार्थ. वाच्यार्थ आणि सूचितार्थ ही जोडी पाठ्यपुस्तकांनी उचलली. मात्र त्या विवेचनातील दोन गोष्टी मागे राहून गेल्या. पहिली ही की, तो मुलगा ज्या ध्वजाकडे पाहत असावा असे बार्थ म्हणतात, तो ध्वज त्या मुखपृष्ठावर दिसतच नाही. तो अंक १९५५ चा. त्याच्या आदल्याच वर्षी अल्जीरियात फ्रेंच सत्तेविरुद्ध युद्ध पेटले होते, आणि ही पार्श्वभूमी बाजूला काढली तर त्या चित्रात सलामी देणाऱ्या एका पोराखेरीज काही उरत नाही. दुसरी गोष्ट अशी की, तो अंक आपल्यासमोर कोठे आला हे बार्थ नोंदवून ठेवतात: न्हाव्याच्या दुकानात. त्यांनी तो विकत घेतलेला नव्हता. ज्या विवेचनावर कोशपद्धती आपला हक्क सांगते, ते विवेचनच मुखपृष्ठाबाहेरच्या इतिहासावर आणि अंक हाती पडण्याच्या जागेवर उभे आहे.

२. रंगाआधी रंगाचा खर्च

मराठी मुखपृष्ठांचा इतिहास पाहिला, तर कोशपद्धतीचे पहिले कलम, म्हणजे रंगाचा अर्थ, सर्वांत आधी डळमळते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. त्यानंतरची कित्येक दशके रंगीत चित्र छापायचे म्हणजे मूळ चित्राची रंगगाळण्यांतून छायाचित्रे घेऊन पिवळ्या, लाल, निळ्या आणि काळ्या शाईसाठी धातूचे वेगवेगळे ब्लॉक करवून घ्यायचे आणि तोच कागद प्रत्येक शाईसाठी यंत्रातून पुन्हा काढायचा. एक ब्लॉक केसभर सरकला तरी चेहऱ्याची कड दुहेरी दिसे. रंग वाढला की ब्लॉकचा, शाईचा आणि यंत्राच्या वेळेचा खर्च वाढे. म्हणून आतला मजकूर एकरंगी आणि मुखपृष्ठ तेवढे बहुरंगी, ही वाटणी रूढ झाली. अशा अंकावरील भडक लाल शालूकडे पाहून ‘लाल म्हणजे उत्कटता’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या नजरेतून ही साधी गोष्ट निसटते की, त्या काळच्या वाचकाला तेथे सर्वप्रथम रंगच दिसत होता, आणि प्रकाशकाने पैसा कोठे घातला आहे हे त्या रंगावरून कळत होते.

दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) या मूळच्या गोव्याच्या दोन चित्रकारांची मुखपृष्ठे याच परिस्थितीत वाचावी लागतात. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक सुरू केला आणि मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’ काढला. म्हणजे मुखपृष्ठ रंगवणारा हात आणि अंकाचे बरेवाईट सोसणारा हात एकाच माणसाचे होते. त्यांच्या मुखपृष्ठांवरील निरांजन घेतलेल्या, अलंकार ल्यालेल्या स्त्रिया पाहून ‘स्त्रीचे वस्तूकरण’ हे एकच उत्तर लिहिणे आज सोपे आहे. ते उत्तर पूर्णतः खोटे नाही, परंतु अपुरे आहे. ज्या घरात चांगले रंगीत चित्र वर्षाकाठी एखाद-दुसरेच येत असे, त्या घरात मुखपृष्ठ कापून चौकटीत लावले जाई. म्हणून चित्रकाराला घरातील सर्वांसमोर भिंतीवर टांगता येईल असेच चित्र काढावे लागे, आणि त्या स्त्रीच्या चेहऱ्यावरील सोज्ज्वळता ही चित्रकाराच्या वृत्तीइतकीच त्या भिंतीचीही मागणी होती. मुळगावकरांची देवदेवतांची चित्रे कॅलेंडरांवरून घरोघर पोहोचली होती, हे लक्षात घेतले म्हणजे मुखपृष्ठ आणि भिंत यांचे नाते अधिक उघड होते.

याच्या शेजारी किर्लोस्करवाडीचे उदाहरण ठेवावे. कारखान्याचे वार्तापत्र म्हणून १९२० मध्ये निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि त्याला १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ अशी भावंडे लाभली. त्यांचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते. जेथे संपादकच चित्रकार असतो, तेथे मुखपृष्ठ हे संपादकीय भूमिकेचेच अंग होऊ शकते. जेथे चित्रकारच मालक असतो, तेथे चित्र हेच विक्रीचे मुख्य कारण होऊ शकते. दोन्ही मुखपृष्ठांवर स्त्रीच असली, तरी ती तेथे येण्याची कारणे सारखी नसतात, आणि विश्लेषण ते या कारणांचेच व्हायला हवे.

३. अंक हाती येतो कसा

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा अशा त्याच्या सहा तालुक्यांत मासिकांच्या रांगांसमोर उभे राहून निवड करणारा ग्राहक शोधू गेल्यास तो क्वचितच सापडेल. येथे नियतकालिक येते ते इतर वाटांनी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता व अनुदान मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये अंक विकत घेतात आणि दिवाळीनंतर सभासदांना वेगळी वर्गणी घेऊन दिवाळी अंक आळीपाळीने वाचायला देण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वदूर आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मुलांना बहुधा शाळेतून भेटते. कृषी विभागाचे ‘शेतकरी’ वर्गणीने येते. शासनाचे ‘लोकराज्य’ स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये योजनांच्या माहितीसाठी वाचले जाते. यांपैकी कोणत्याही वाटेवर, दुकानाजवळून जाणाऱ्या अनोळखी माणसाला क्षणभरात थांबवणे हे मुखपृष्ठाचे पहिले काम नाही.

मग ते कोणाशी बोलते? ग्रंथालयाच्या खरेदीच्या बाबतीत निवड ग्रंथपाल करतो, आणि तो संपादकाचे व लेखकांचे नाव, गेल्या वर्षीच्या अंकाची मागणी आणि किंमत पाहतो. वर्गणीदाराच्या बाबतीत व्यवहार आधीच पूर्ण झालेला असतो. तेथे मुखपृष्ठाने फक्त अंक ओळखीचा आहे आणि तरीही नवा आहे एवढे सांगायचे असते. जाहिरातदाराच्या बाबतीत मुखपृष्ठाइतकेच मलपृष्ठ महत्त्वाचे, कारण अंक पालथा पडला की तेच वर येते. अनेक वाङ्मयीन दिवाळी अंकांच्या दर्शनी भागावर चित्र, नाव आणि वर्ष यांपलीकडे एकही ओळ नसते. कोशपद्धतीने पाहिले तर येथे ‘आकर्षक मथळ्यांचा अभाव’ हा दोष निघतो. वितरणाच्या वाटेवरून पाहिले तर कळते की हा अंक कोणासाठी आहे आणि त्यात कोण लिहिते, हे त्याच्या वाचकाला आधीच ठाऊक असल्याचे संपादकाने गृहीत धरले आहे. गाजावाजा न करता राहण्याची ही मोकळीक पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या वाचकसंबंधातून आलेली आहे, आणि तिची दखल न घेणारा अहवाल त्या अंकाचा सर्वांत मोठा गुण उणिवांच्या यादीत टाकतो.

मुखपृष्ठ हे पुस्तकाचे नैसर्गिक अंग नाही, याचा पुरावा या जिल्ह्यातच आहे. कारंजा येथील जैन मंदिरांच्या हस्तलिखित भांडारांतील पोथ्यांवर डॉ. हिरालाल जैन आदी विद्वानांनी विसाव्या शतकात काम केले आणि अपभ्रंश भाषेतील ग्रंथ प्रकाशात आणले. अशा हस्तलिखित पोथीला दर्शनी चित्रपृष्ठ नसते. ती वेष्टनात बांधलेली असते, मजकूर मंगलाचरणाने सुरू होतो आणि ग्रंथाचे नाव, लेखनिक व काळ यांची माहिती बहुधा शेवटी पुष्पिकेत येते. पोथी कोणाची व कशाची हे तिच्या वाचकाला आधीच माहीत असे. ते समोरून ओरडून सांगण्याची गरज परक्या ग्राहकाला विकायची वस्तू जन्माला आल्यावर निर्माण झाली. वाङ्मयीन दिवाळी अंकाचे अबोल मुखपृष्ठ या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी उभे आहे.

४. नावाची अक्षरे

मुखपृष्ठावरील नावाच्या अक्षरांना इंग्रजी वळणाने ‘मास्टहेड’ म्हणतात. त्यांच्याविषयी रोमन लिपीसाठी केलेले नियम देवनागरीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. तिच्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार चढतात, खाली उकार उतरतात. ‘आवाज’ या दिवाळी अंकाच्या नावात शिरोरेषेच्या वर किंवा अक्षरांच्या खाली काहीच जात नाही, म्हणून ते दिलेल्या उंचीत पूर्ण ताकदीने मोठे करता येते. ‘किर्लोस्कर’ या नावात वेलांटी, रफार आणि मात्रा तिन्ही असल्याने मूळ अक्षरांना तेवढी जागा सोडावी लागते. अक्षर लहान दिसण्याला ‘सौम्यता’ असे नाव देण्यापूर्वी विद्यार्थ्याने ही मोजणी करावी. नाटकांच्या जाहिरातींतील अक्षरांकनासाठी नावाजलेले कमल शेडगे (१९३५–२०२०) आणि सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे काम डोळ्यांखालून घातले, की एखाद्या नावाची वेलांटी लांबवून तिलाच चित्र करणे हा देवनागरीचा स्वतःचा मार्ग कसा आहे, ते उमगते.

५. पाहणारा कोठे उभा आहे

येथवर मुखपृष्ठ करणाऱ्याचा विचार झाला. पाहणाऱ्याचा विचार त्याहून अवघड आहे. स्टुअर्ट हॉल या अभ्यासकाने १९७३ मध्ये मांडले की, संदेश घडवणारा त्यात जो अर्थ भरतो तोच अर्थ घेणाऱ्याने घ्यावा असे बंधन नसते. घेणारा तो स्वीकारतो, त्याच्याशी वाटाघाट करतो किंवा तो नाकारतो. प्रकल्पांत हे सूत्र उद्धृत होते आणि लगेच ‘वाचकाला असे वाटते’ अशी सरसकट विधाने सुरू होतात. हा वाचक कोण, हे कोणी विचारत नाही.

एखाद्या कृषिविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर शेंगांनी लगडलेले सोयाबीनचे शेत आणि हसरा शेतकरी आहे असे समजावे. कोशपद्धतीत हिरवा रंग समृद्धी आणि हास्य आशा सुचवते. वाशिम जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन आहे. येथील शेतकरी त्या चित्रात आधी झाडाची उंची, शेंगांची दाटी आणि पानांचा रंग पाहील. पाने पिवळी पडत असतील तर पिवळा मोझॅक तर नाही ना, खोड पोखरले असेल तर खोडमाशी की चक्रीभुंगा, हा त्याचा पहिला प्रश्न असेल. ज्या शेतात यांपैकी काहीच दिसत नाही, ते शेत त्याला जाहिरातीतले वाटण्याची शक्यता आहे. मुखपृष्ठाने जे वगळले ते त्याला दिसते, कारण ते त्याच्या बांधावर आहे. हा वाचक अडाणी समजून बाजूला सारावा असा नाही; उलट त्या चित्रासाठी त्याच्याइतका सज्ञान वाचक दुसरा मिळणार नाही, आणि ज्या प्रकल्पात त्याचे म्हणणे नोंदवले जात नाही, त्या प्रकल्पाने स्वतःच्या अंगणातील पुरावा टाकून दिला आहे.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. तेथे ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. पर्यटन किंवा लोकसंस्कृती या विषयावरील विशेषांकासाठी आरशांचे भरतकाम केलेल्या पोशाखातील बंजारा स्त्रीचे छायाचित्र निवडणे संपादकाला स्वाभाविक वाटते. शहरी वाचकासाठी ती ‘रंगीबेरंगी परंपरा’ होते. तिला नाव नसते, गाव नसते. तांड्यातील वाचकासाठी तिच्या अंगावरील चुडा, घुगरी आणि टोपली हे दागिने ती विवाहित असल्याचे सांगतात. मॉडेलला चुकीचे दागिने घातले असतील तर ते या वाचकाला क्षणात कळते, आणि असा पेहराव आता मुख्यतः वयस्कर बायांच्या अंगावर दिसतो हेही त्याला माहीत असते. तेच चित्र एकीकडे सजावट आणि दुसरीकडे माहिती ठरते. यातील कोणता अर्थ खरा, या वादात शिरण्यापेक्षा संपादकाने कोणत्या वाचकाला समोर धरून हे चित्र निवडले, हे ठरवणे विश्लेषणाच्या कक्षेत येते. आणि त्या निवडीत तांड्यातील वाचक विचारातच घेतला गेला नसेल, तर ते स्पष्ट शब्दांत लिहिण्याचे धैर्य विद्यार्थ्याने दाखवावे.

६. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला छपाईचा खर्च, वितरण आणि संपादकीय चर्चा यांची माहिती मिळणार कोठून? ती बरीचशी अंकातच असते. मुद्रक व प्रकाशकाचे नाव आणि स्थळ छापण्याचे बंधन १८६७ च्या कायद्यापासून चालत आलेले आहे. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्याने घेतली आहे. अनुक्रमणिकेच्या आसपास छापलेले मुखपृष्ठकाराचे नाव, किंमत, वर्गणीचा दर आणि अंकातील जाहिरातींची संख्या यांवरून अंक कोणाच्या पैशावर चालतो, याचा अंदाज बांधता येतो. मुखपृष्ठाचे विश्लेषण करताना अंक उघडायचा नाही, हा नियम कोणी केलेला नाही.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो: चित्र स्वतः बोलते, आणि ब्लॉकचा खर्च मोजत बसल्याने दलालांची रेषा अधिक सुंदर होत नाही. हे मान्य केले पाहिजे. सौंदर्याचा अनुभव स्वतंत्र आहे आणि त्याला हिशेबात विरघळवणे हा अन्यायच होईल. तथापि बंधन माहीत झाल्याने कलावंत लहान होत नाही. मोजक्या ब्लॉकांत त्वचेचा उजळपणा आणि दिव्याचा प्रकाश वेगळे राखणाऱ्या हाताचे मोल ते माहीत झाल्यावरच नीट कळते.

तिसरा आक्षेप काळाचा आहे. छापील मासिके कमी होत आहेत, आणि मुखपृष्ठ आता मोबाईलच्या पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढे दिसते, तर जुन्या छपाईचा अभ्यास कशाला? वस्तुतः पडदा हे नवे बंधन आहे आणि त्याचा परिणाम तपासायला हीच पद्धत उपयोगी पडते: नखाएवढ्या चौकोनात बारीक रेषा आणि छोट्या ओळी मरतात, एक मोठा चेहरा आणि चार अक्षरे तग धरतात. त्याबरोबर पडद्यावर काय हरवते हेही पाहावे. १९५१ पासून निघणाऱ्या ‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकाची ओळख बनलेली खिडकीचित्रे कागदाला भोक पाडून केलेली असतात. भोकातून दिसणारा तुकडा एक सुचवतो आणि पान उलटल्यावर भलतेच निघते. त्याची सपाट प्रतिमा घेऊन केलेले विश्लेषण विनोद घडण्याआधीच थांबते.

७. प्रकल्प कसा उभारावा

वरील विवेचनावरून प्रकल्पाची रचना बदलते. एकच मुखपृष्ठ घेण्याऐवजी एकाच अंकाची मालिका घ्यावी, कारण निर्णय हा फरकातच दिसतो. नोव्हेंबर १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने महाजालावर खुले केले आहेत; दर पाच वर्षांचा एक दिवाळी अंक निवडून मुखपृष्ठावर मुलगी आहे की मुलगा, ते खेळत आहेत की पाहत आहेत, मागे शेत आहे की इमारत, हे नोंदवले तरी अर्धशतकात ‘मूल’ या कल्पनेत काय बदलले, याचा पुराव्यासह विचार करता येईल. ग्रंथालयातील जुन्या बांधीव खंडांकडे वळताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: बांधणी करताना अनेक ठिकाणी मुखपृष्ठे आणि जाहिरातीची पाने काढून टाकली जात, त्यामुळे नेमका हवा तो पुरावा तेथे नसण्याचा संभव असतो. मुखपृष्ठ हे टाकाऊ वेष्टन आहे, ही समजूत किती खोल गेली होती, हे त्या फाडलेल्या कडेवरूनच कळते.

सर्वांत उत्तम प्रारंभ मात्र स्वतःच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकापासून होऊ शकतो, कारण तेथे निर्णय घेणारी माणसे भेटतात. मुख्य इमारतीचे छायाचित्र, सरस्वती किंवा संस्थापकांची तसबीर असलेले मुखपृष्ठ कोणी सुचवले, संपादक-प्राध्यापकांनी किती पर्याय पाहिले, नॅक मूल्यांकनाच्या वेळी अंक दाखवायचा आहे याचा त्यावर काही परिणाम झाला का, विद्यार्थी प्रतिनिधीला विचारले गेले का, आणि शेवटी छापखान्यातील डीटीपी करणाऱ्या माणसाने आपल्या संगणकावरील तयार नमुन्यांतून काय काढून दिले, हे प्रश्न प्रत्यक्ष विचारता येतात. त्या नमुन्यांच्या फोल्डरमध्ये न निवडलेली मुखपृष्ठे बहुधा अजून तशीच असतात. त्यांच्या प्रती मागून घेऊन त्या छापलेल्या मुखपृष्ठाशेजारी ठेवाव्यात आणि अहवालाचे पहिले पान तेथून लिहायला घ्यावे.